वीस मिनिटांत उघडेल

इटलीतल्या एका डोंगरावरच्या गावात, भर दुपारी, मी माझ्या बायकोला आणि मुलीला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवून ठेवलं होतं आणि मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, "बसा निवांत. वीस मिनिटांत उघडेल."

रुबाबाला कारण होतं. आम्ही गल्लीत शिरलो आणि त्याच क्षणी वर चर्चची घंटा वाजायला लागली. आता मी पडलो यान्बूचा माणूस. म्हणजे मूळचा दापोलीकडचा, खाडीकाठचा. पण कमावती वर्षं सगळी सौदीत, तांबड्या समुद्राच्या काठी, एका रिफायनरीच्या मेंटेनन्सच्या वेळापत्रकात गेली. तिथे अजान झाली की शटर खाली. नमाज आटोपली की शटर वर. हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन बंद शटरसमोर उभं राहण्यात माझी जवानी खलास झाली. आता तिथेही सगळी दुकानं नमाजाला बंद होत नाहीत म्हणा, पण अंगवळणी पडलेलं कुठे सुटतंय? घंटा वाजली, समोरचं दुकान बंद दिसलं, आणि डोक्याने परस्पर निकाल दिला: यांची नमाज चालू आहे.

"अब्बा, इट लुक्स क्लोज्ड. मतलब, पूरा क्लोज्ड," सना म्हणाली. माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. यान्बूच्या भारतीय शाळेने तिला तीन भाषा दिल्या आहेत आणि ती एका वाक्यात निदान दोन तरी वापरते.

"तुला काय कळतंय? मी पंचवीस वर्षं दुकानं उघडायची वाट बघतोय."

शमीम, म्हणजे माझी बायको, खाली उंबऱ्याकडे बघत होती. पर्स मांडीवर घेऊन ती पायरीच्या एका कडेला, जरा अंग चोरूनच बसली.

समोरच्या खिडकीत एक म्हातारी होती. काळा स्वेटर, पांढरे केस, कोपरं चौकटीवर टेकलेली. ती आमच्याकडे टक लावून बघत होती. बऱ्याच वेळाने ती खिडकीतून नाहीशी झाली आणि खाली दारात आली ती खुर्ची घेऊन. मग दुसरी. मग तिसरी. शेवटी स्वतःसाठी एक स्टूल. आम्हाला खुर्च्यांवर बसवून तीही शेजारी बसली, आणि आम्ही चौघं ओळीने त्या बंद दाराकडे बघू लागलो, एखाद्या नाटकाचा पडदा वर जायचा असावा तसे.

थोड्या वेळाने तिने काहीतरी विचारलं. सनाने फोन पुढे धरला. फोन म्हणाला, "तुम्ही कशाची वाट पाहता आहात?"

मी दुकानाकडे बोट दाखवलं. म्हातारीने दुकानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फोनमध्ये तोंड घालून बोलली. तो पाववाला कॅनडाला गेला. मुलं तिकडे स्थायिक झाली, मग तोही गेला.

एवढ्यावर शहाण्या माणसाने उठावं. मी विचारलं, "परत कधी येणार?"

तिने खांदे कानांपर्यंत नेले. "तो गेला," फोनने भाषांतर केलं, "तेव्हा माझे केस काळे होते."

पुढची शरम अशी, की ज्या बाईच्या घराचा पत्ता विचारायला आम्ही ते दुकान उघडायची वाट बघत होतो, ती बाई हीच.

हे सगळं दर वर्षी नोव्हेंबरात आठवतं. यान्बूला पानगळ नसते. गळायला पानंच मोजकी, तीही पालिकेच्या ठिबकावर जगणारी. इथे ऋतू कानाने कळतो. एक संध्याकाळ अशी येते की एसीचा आवाज नकोसा होतो. बटण दाबलं की घरात अशी शांतता पडते, जणू कोणी बरेच महिने बोलत होतं आणि आत्ता गप्प झालं. मग शमीम खिडक्या उघडते. समुद्राचा खारट वास आत येतो, त्याच्यामागून शेजारच्या बंगाली घरातल्या मोहरीच्या तेलाचा, त्याच्याही मागून, वारा फिरला तर, प्लांटचा. आणि मला कुठून कोण जाणे, ओल्या दगडाचा आणि जळत्या लाकडाचा वास यायला लागतो. शमीम म्हणते, तुमचं नाक तपासून घ्या.

आम्हाला तिथे धाडलं दोनातोने. दोनातो म्हणजे आमच्या प्लांटवर कॉम्प्रेसर बसवायला आलेला इटालियन इंजिनिअर. तो आमच्या घरी सुरमईचं कालवण जेवला, दुसऱ्यांदा भात मागून घेतला, आणि हात धुता धुता म्हणाला, "रोम-व्हेनिस सगळे बघतात. तू माझ्या गावी जा. मोलिझे."

मी नकाशात शोधलं. इटलीच्या बुटाच्या घोट्यापाशी एक लहानसा डोंगराळ तुकडा होता. दोनातो म्हणाला, आमच्याच देशातले लोक थट्टा करतात की मोलिझे म्हणून काही नाहीच आहे, ती एक अफवा आहे. "माझं घर बंदच असतं. मी मिलानला. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस उघडतो. किल्ली मावशीकडे आहे. मावशी फिलोमेना."

शमीम तेव्हा ताटं उचलत होती. ती थांबली. बंद घर, पंधरा दिवस, किल्ली दुसरीकडे. आमच्या घरात ही माहिती भाषांतराशिवाय कळते. फक्त ऑगस्टच्या जागी मे घालायचा.

कारण आमचंही एक घर आहे. खाडीच्या वरच्या अंगाला, मशिदीच्या मागच्या आळीत, मी बांधलेलं. जुनंबिनं काही नाही, चांगलं स्लॅबचं, दुमजली, गुलाबी रंगाचं. तो रंग मी इथे बसून फोनवर निवडला. प्रत्यक्षात तो औषधाच्या गोळीसारखा निघाला. फरशा मात्र शमीमने स्वतः जाऊन निवडल्या, आणि अंगणात रातांब्याचं झाड लावलं. आमच्या आळीत अशी घरं बरीच. एक कुवेतचं, दोन दुबईची, एक दोह्याचं. घरांना गावच्या माणसांपेक्षा देशांची नावं जास्त. मगरीबला, म्हणजे सांजेच्या नमाजाला, दिवा लागतो तो मोजक्या घरांत. आमच्या घरात लागतो, कारण किल्ली रुकय्याभाभीकडे आहे, माझ्या चुलतभावाच्या बायकोकडे, आणि ती संध्याकाळी येऊन बटण दाबून जाते.

त्या वर्षी भाईजाननी, म्हणजे मुंब्र्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने, गिऱ्हाईक आणलं होतं. पुण्याचा कोणी होता. त्याला घर हवं होतं, पर्यटकांना राहायला द्यायला. भाईजानचं म्हणणं सरळ होतं. राहतंय कोण? ग्रिलला गंज चढतोय. पोरगी काही दापोलीला येऊन राहणार नाही. त्यापेक्षा विका आणि खारघरला फ्लॅट घ्या. मलाही पटत होतं. सनाला विचारलं तर ती म्हणाली, "हू विल लिव्ह देअर, अब्बा?" शमीमला विचारलं तर ती म्हणाली, "तुमचं घर, तुम्ही ठरवा."

ज्या घरातली फरशी न् फरशी तिने बोटांनी वाजवून घेतली होती, त्याला ती 'तुमचं' म्हणाली. पण मी मेंटेनन्सवाला. ज्या मशीनमधून आवाज येत नाही ते व्यवस्थित चाललंय असं आम्ही धरून चालतो.

भाईजाननी मुदत दिली होती. सहलीवरून परत यायच्या आत हो की नाही ते सांग. तर मोलिझेच्या त्या आठवड्यात माझ्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये भाईजान होते.

गावं डोंगराच्या टोकावर बसलेली. खालून बघावं तर वाटतं, कोणी दगडांची रास रचून ठेवली आहे. जवळ गेल्यावर तिला खिडक्या फुटतात. मी यान्बू-जेद्दा रस्त्यावर गाडी हाकणारा माणूस, जिथे वळण आलं तर माणूस दचकतो. तिथे वळण संपलं की सना टाळ्या वाजवायची. सकाळी दरीत धुकं भरलेलं असायचं आणि वरची गावं बेटांसारखी त्याच्यावर तरंगत असायची. दाराबाहेर सरपणाचे नीट रचलेले ढीग. एका गावात घंटा ओततात, पिढ्यान्‌पिढ्या. शमीमने तिथे एक सुपारीएवढी घंटा घेतली. ती अजून आमच्या फ्रिजच्या हँडलला बांधलेली आहे आणि माझं चोरून खाणं जाहीर करते.

पिएत्राबोन्दान्ते नावाच्या गावाखाली, उतारावर, रोमनांच्याही आधीच्या लोकांनी बांधलेलं उघडं नाट्यगृह आहे. दगडाची बाकं, पण त्यांना पाठ टेकायला बाक दिलेला. मी टेकून बसलो आणि उठायला तयार होईना. "दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला माझ्या कमरेचं दुखणं माहीत होतं," मी म्हटलं. "आणि आमच्या ऑफिसात अजून कळायचंय."

"त्या माणसाने बायकोचं ऐकून व्यायाम केला असता तर त्याला बाक द्यावा लागला नसता," शमीम म्हणाली. सना हसून हसून बाकावर आडवी झाली.

खाण्याची मात्र कसरत. पहिल्याच संध्याकाळी मावशीने, म्हणजे त्या खुर्च्यावाल्या म्हातारीने, घरची सॉसेजं काढली. आम्ही डुक्कर खात नाही हे सनाने फोनवरून सांगायचं ठरलं होतं, पण फोन चार्जिंगला होता आणि मला धीर नव्हता. मी डुकराचा आवाज काढून दाखवला. चांगला काढला, बटाटा सोलताना शमीमचा हात थांबला. मावशी आनंदाने उठली आणि आतून आणखी मोठं सॉसेज घेऊन आली. मग सनाने फोन आणला. सगळं कळल्यावर मावशीने सॉसेजं कपाटात टाकून दार लावलं आणि कणकेचा गोळा पुढ्यात ओढला. बोटाने एकेक चिमटी दाबून मागे ओढायची, की तिची इवलीशी होडी व्हायची. शमीम बघत होती. लग्नाआधी आमच्याकडे बायका अशाच गोल बसून शेवया वळतात. तिने विचारलं नाही, बाह्या वर सारल्या आणि बसली. त्या दोघी त्या आठवडाभर एकमेकींशी बोलल्या, एक मराठीत आणि एक तिकडच्या बोलीत, आणि फोनची गरज फक्त मला लागली.

सेपिनोजवळ डोंगराच्या पायथ्याशी एक अख्खं रोमन नगर पडलंय. तट, वेशी, फरसबंद रस्ता. गंमत अशी की नगराचा मोठा रस्ता हाच मेंढरांचा रस्ता. थंडी आली की धनगर कळप घेऊन डोंगरावरून समुद्राकडच्या सपाटीला उतरायचे, उन्हाळ्यात परत वर. नगराच्या एका वेशीतून आत, दुसरीतून बाहेर. वेशीच्या दगडावर एक लेख कोरलेला आहे. सनाने फोनवर शोधून वाचून दाखवला. वरून आलेली ताकीद आहे, की वाटेवरच्या शिपायांनी धनगरांना अडवून, पळून आलेले गुलाम म्हणून, छळू नये.

"इकामा चेकिंग!" मी ओरडलो. इकामा म्हणजे आमचं सौदीत राहण्याचं कार्ड, तो खिशात नसला तर इथे आम्हाला आपलं नावही खरं वाटत नाही. आणि खरं सांगतो, माझा हात आपोआप खिशाकडे गेला.

खिशात फोन वाजत होता.

"मुनीर, पार्टी थांबणार नाही," भाईजान म्हणाले. "दुसरं घर बघतोय तो. यल्ला, लवकर बोल ना बाबा काहीतरी."

"परत आलो की सांगतो."

"आत्ता कुठे आहेस?"

"मेंढरांच्या रस्त्यावर."

"तिथेच शोभतोस," भाईजान म्हणाले आणि फोन ठेवला.

शमीम वेशीखाली उभी होती. तिने ऐकलं होतं. तिने दगडावर हात ठेवला आणि विचारलं, "ही माणसं खाली गेल्यावर वरच्या घरांचं काय करायची हो?" सनाने फोनवर शोधायला घेतलं.

त्याचं उत्तर मावशीकडे होतं, आणि ते रोज सकाळी आमच्या डोळ्यांसमोर चालू होतं. नाश्ता झाला की ती खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघायची. गल्लीतलं एक घर उघडायचं, खिडक्या सताड उघडायच्या, तिथेच उभं राहून जरा दम खायचा, मग पुढचं घर. कोणी तूरिनला, कोणी जर्मनीत, कोणी कॅनडात. दुपारी ऊन उतरायच्या आत परत फिरून सगळ्या खिडक्या बंद. दुसऱ्या दिवसापासून शमीम तिच्याबरोबर जायला लागली. मी बाहेर कोपऱ्यावर उन्हात उभा राहायचो आणि गल्लीत एकापाठोपाठ एक खिडक्या उघडताना बघायचो. एका खिडकीत मावशी, पुढच्या खिडकीत माझी बायको. परक्याच्या खिडकीत ती इतकी ओळखीची दिसायची की मी हात करायचो, आणि ती न बघितल्यासारखं करायची.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र शमीमने सनाला फोन धरायला लावला. "विचार त्यांना, ही माणसं परत येतात का?"

मावशी म्हणाली, काही येतात, ऑगस्टमध्ये. बरीचशी नाही.

"मग रोज कशाला उघडता?"

मावशीने दोनातोच्या घराकडे, म्हणजे आम्ही उतरलो होतो त्या घराकडे बघितलं. फोन सपाट आवाजात सांगत गेला. दोनातोची आई, माझी बहीण, मिलानला गेली. मुलाकडे. तिकडेच वारली. तिला इथे आणली. ऐन थंडी होती. संध्याकाळी गाड्या आल्या, पोरं, नातवंडं, शेजारपाजारचे गावकरी. घर उघडं होतं. चूल पेटलेली होती. चादरी कोरड्या होत्या. माणसं आली तर बसायला जागा लागते.

एवढंच. मग तिने शमीमला विचारलं, तुमचं घर कोण उघडतं? शमीम म्हणाली, "रुकय्याभाभी." सनाने ते भाषांतर केलंच नाही. मावशीने मान हलवली.

मी खोलीत गेलो आणि पलंगावर बसलो. माझ्या ओळखीच्या कितीतरी माणसांची माती इथेच, सौदीत झाली. चांगली झाली, बरकतीची जमीन, तक्रार नाही. पण माझी कुठे होणार हा प्रश्न मी कधी शटडाऊनच्या वेळापत्रकात बसवला नव्हता. खारघरच्या फ्लॅटमध्ये लिफ्ट असते, पार्किंग असतं, सोसायटीचा वॉचमन असतो. आळीतली माणसं तिथे बसणार कुठे?

रोमच्या विमानतळावर मी भाईजानना फोन लावला. शमीम शेजारच्या खुर्चीत बसून बॅगेतलं चीज तिसऱ्यांदा नीट करत होती.

"भाईजान, नको. घर नाही द्यायचं."

"का रे?"

मुंब्र्यात टिकेल असं एकही कारण माझ्यापाशी नव्हतं. "माणसं आली तर बसणार कुठे?"

"कुठली माणसं?"

"मी मेल्यावर."

"तौबा कर! इटलीत जाऊन खाल्लंस तरी काय?" मग आवाज जरा खाली आला. "शमीम काय म्हणते?"

मी शमीमकडे बघितलं. ती चीजच्या गाठीशी झटत होती. "काही म्हणत नाही."

"मग झालं तर," भाईजान म्हणाले. त्या 'झालं तर'मध्ये राग होता, आणि मला वाटतं, थोडं हायसं वाटणंही होतं. कारण त्या घरात त्यांचीही एक खोली आहे, आणि तिच्या भिंतीचा रंग त्यांनीच निवडलेला होता.

जेद्दाहून यान्बूपर्यंतचा सरळसोट रस्ता कापला. घरी पोचलो, मी सवयीने एसीच्या रिमोटला हात घातला. शमीमने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि एकेक करत घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. कंपनीच्या क्वार्टरच्या खिडक्या, वर्षानुवर्षं न उघडलेल्या. एक तर मला खांद्याने ढकलावी लागली. समुद्राचा वास आत आला. सना म्हणाली, "धूल आएगी, अम्मी," आणि झोपायला गेली.

तेव्हा शमीम खिडकीशीच उभी राहून म्हणाली, "सनाचे अब्बा, ते पाववाल्याचं दुकान उघडणार नाही हे मला बसतानाच कळलं होतं. उंबऱ्याच्या फटीतून अंजिराचं रोप आलेलं, हे एवढं. मी त्याला सांभाळूनच बसले होते. दार उघडायचं तर आधी ते मोडावं लागलं असतं."

"मग बोलली का नाहीस? मला सगळ्या गल्लीसमोर येडा ठरू दिलास!"

"तुम्ही किती खात्रीने सांगत होता, वीस मिनिटांत उघडेल म्हणून. कितीतरी दिवसांनी तुम्हाला एखाद्या बंद दाराविषयी 'उघडेल' म्हणताना ऐकलं. म्हटलं, बसू या थोडं."